पुट्टी भरण्याआधी दाखवा: लाकडी जहाजाच्या फळ्या आणि अर्धवट काम

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं 1:64 प्रमाणातलं किट घेतलंय. सांगाडा उभा आहे आणि पहिल्या थराच्या फळ्या लावणं सुरू आहे. उजव्या बाजूला सात पट्ट्या झाल्या, डाव्या बाजूला दोन. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, पट्ट्या एकमेकींवर चढायला लागल्यात आणि पिछाडीला फटी पडतायत. हे सगळं काढून टाकावं, की पुट्टी भरून घासून पुढे जावं, कारण वरून दुसरा थर येणारच आहे? आणि ही अवस्था छंदातल्या इतर मंडळींना दाखवावी, की जहाज पुरं झाल्यावरच फोटो टाकावेत?

पुट्टी भरू नका. उजव्या बाजूच्या वरच्या दोन पट्ट्या ठेवा आणि खालच्या पाच काढा. फोटो आजच दाखवा. आता कारणं.

प्रश्नासोबत तुम्ही फोटो आणि मापं दिलीत, म्हणून नेमकं बोलता येतंय. पट्टी 5 मिमी रुंद. वरच्या कडेपासून कीलपर्यंत (तळाच्या कण्यापर्यंत) सांगाड्याच्या अंगाला चिकटून मोजलेलं अंतर जहाजाच्या मध्यावर 80 मिमी, नाळेशी 44 मिमी, पिछाडीला 92 मिमी. मध्यावर 80 भागिले 5 म्हणजे सोळा पट्ट्या बसतात. याच सोळा पट्ट्यांना नाळेशी 44 मिमीत मावायचं आहे, म्हणजे तिथे प्रत्येकीच्या वाट्याला पावणेतीन मिमी येतात. तुम्ही सातही पट्ट्या पूर्ण रुंदीच्या नेल्यात. पस्तीस मिमी तिथेच संपले, आणि उरलेल्या नऊ पट्ट्यांना नऊ मिमी राहिले, म्हणजे प्रत्येकीला एक मिलिमीटर. पट्ट्या चढणार नाहीत तर काय करणार? पिछाडीला उलटा हिशोब. सोळा पट्ट्या मिळून 80 मिमी होतात, जागा मात्र 92. बारा मिमी कुठून तरी यायला हवेत, आणि तुमच्याकडे ते फटींच्या रूपाने आलेत. तुमचा हात वाईट नाही. जहाजाचं पोटच असं आहे की सरळ, सारख्या रुंदीच्या पट्टीने ते झाकलं जात नाही. पृथ्वीगोलावर दोन रेखावृत्तांमधला पट्टा विषुववृत्तावर रुंद आणि ध्रुवाकडे निमुळता असतो. इथेही तोच प्रकार आहे, फक्त एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्याला थोडा पसरट.

आता दोनच का ठेवायच्या? दोन पट्ट्या पूर्ण रुंदीने राहिल्या तर नाळेशी 10 मिमी खर्च झाले आणि 34 उरले. ते चौदा पट्ट्यांत वाटले की प्रत्येकी 2.4 मिमी. इथे जुन्या कारागिरांचा एक नियम लागतो: टोकाशी पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करायची नाही. खऱ्या जहाजात इतक्या निमुळत्या टोकाला खिळे धरत नाहीत, आणि मॉडेलमध्ये ते टोक दाभणासारखं दिसतं, वाकवताना मोडतंही. अडीचच्या किंचित खाली आलो, म्हणून एका जागी दोन पट्ट्या एका रुंद पट्टीत संपवायच्या. त्याला ड्रॉप प्लँक म्हणतात. मग 34 भागिले तेरा, म्हणजे 2.6 मिमी. जमलं. तीन पट्ट्या ठेवल्या असत्या तर दोन-दोन ड्रॉप प्लँक घ्याव्या लागल्या असत्या. पहिल्या थराला ते चालतं, पण एवढी कसरत कशाला? आणि डाव्या बाजूला आधीच दोनच आहेत, म्हणजे दोन्ही बाजू पुन्हा एका ओळीत येतील.

ही दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला फोटोतली सगळ्यात काळजीची तीच वाटली. एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला दोन हे प्रमाण धोक्याचं आहे. ओल्या-सुक्या पट्ट्या वाळताना ओढ घेतात आणि पाच मिमीच्या प्लायचा कणा त्या ओढीने केळासारखा वाकू शकतो. पट्ट्या काढल्यावर जहाज उलटं करा आणि कीलच्या कडेवर स्टीलची पट्टी ठेवून उजेडाकडे बघा. मध्येच उजेड दिसला तर कणा वाकलाय. आत्ता तो सरळ होईल. बल्कहेडच्या, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या फळ्यांच्या, मधे ठोकळे चिकटवून धरून ठेवता येईल. दहा पट्ट्या झाल्यानंतर तो कायमचा. यापुढे एक डावी, एक उजवी, असंच लावत जा.

काढायच्या कशा

पांढऱ्या लाकडाच्या गोंदाने चिकटवल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल सांध्यांवर ब्रशने लावा, थोडं थांबा, पुन्हा लावा आणि पातळ पात्याने एकेक बल्कहेडवरून सोडवत जा. ओढू नका, सरकवा. सुपरग्लू असेल तर अ‍ॅसिटोन लागतं, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. दोन्ही गोंद मिसळून वापरले असतील (पुष्कळजण मध्ये सुपरग्लूचा ठिपका आणि बाकी पांढरा गोंद असं करतात, आणि ती पद्धत चांगली आहे) तर आधी अल्कोहोल, मग अडलेल्या ठिपक्याला अ‍ॅसिटोन. काढलेल्या पट्ट्या टाकू नका. स्टीलर (पिछाडीला घालायच्या पाचरी) आणि ठोकळ्यांना कामी येतात.

काढल्यावर नव्या पट्टीला हात लावण्याआधी सांगाडा तपासा, कारण चढाओढीचं निम्मं कारण तिथे असण्याची शक्यता आहे. बल्कहेड लेझरने काटकोनात कापलेली येतात. पण पट्टी नाळेकडे वळते तेव्हा ती बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकायला हवी, नुसत्या कोपऱ्यावर नाही. त्यासाठी पुढच्या बल्कहेडच्या पुढच्या कडा आणि मागच्यांच्या मागच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात. एक लांब पट्टी घ्या, न चिकटवता नाळेपासून पिछाडीपर्यंत हातांनी दाबून धरा. ती सगळीकडे टेकतेय का? एखाद्या बल्कहेडशी उचलली जातेय का, की एखाद्याशी पोकळ राहतेय? उंच वाटलं तिथे घासा, खोल वाटलं तिथे पातळ फळीचा तुकडा चिकटवून मग घासा. पट्टी कीलजवळ, मध्ये आणि वर, अशा तीन-चार उंचीवर फिरवून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, फोटोत दिसत नाही, आणि कुणी त्याला वा म्हणत नाही. पण जहाजाची रेषा इथेच ठरते. फळ्या फक्त ती रेषा उघड करतात.

घासायला पॉलिशपेपर लवचिक पट्टीवर चिकटवून वापरा, आणि ती पट्टी एका वेळी किमान तीन बल्कहेडवरून जाईल एवढी लांब हवी. बोटाला कागद गुंडाळून घासलं की प्रत्येक बल्कहेड स्वतंत्र गोल होतं आणि मध्ये खड्डे राहतात. नाळेशी पहिल्या दोन बल्कहेडमधली जागा बाल्सा किंवा लिंडन अशा मऊ लाकडाच्या ठोकळ्याने भरून आकार द्या. बाल्सा बाहेरच्या फळ्यांना अगदी कुचकामी, पण इथे आत लपून राहायला उत्तम.

पट्टी निमुळती करताना

कागदाची अरुंद पट्टी घ्या. प्रत्येक बल्कहेडवर, ठेवलेल्या दुसऱ्या फळीच्या खालच्या कडेपासून कीलपर्यंत ती अंगाला लावून अंतर टिपा. त्याचे चौदा (नाळेशी तेरा) सारखे भाग करा. भाग मोजणीने करू नका, चुका साचतात. टेबलावर एका बिंदूतून निघणाऱ्या, पंख्यासारख्या पसरणाऱ्या रेषांचा कागद करून ठेवा. कागदी पट्टी त्यावर सरकवत न्यायची, दोन्ही टोकं बाहेरच्या रेषांना भिडली की मधल्या खुणा आपोआप मिळतात. फक्त त्या रेषा पायावर सारख्या अंतराने काढलेल्या असाव्यात आणि कागदी पट्टी त्या पायाला समांतर धरावी. या खुणा बल्कहेडच्या कडेवर पेन्सिलीने उतरवा. आता प्रत्येक फळीची प्रत्येक ठिकाणची रुंदी तुमच्यासमोर आहे. फळी लावताना निर्णय घ्यायचा नाही, खुणेपर्यंत पोचायचं.

निमुळती करताना पट्टीची एकच कड तासा, खालची किंवा वरची, पण सगळ्यांची तीच. छोटा रंधा असेल तर पट्टी क्लॅम्पमध्ये धरून दोन-तीन हातांत काम होतं. नसेल तर स्टीलच्या पट्टीवर नवं पातं. पातं लाकडाच्या रेषांच्या दिशेने जात नसेल तर पट्टी उलटी करा, नाहीतर ते रेषेत शिरून पट्टी फाडतं.

पिछाडीला जे 12 मिमी कमी पडतात ते स्टीलरने भरायचे: दोन फळ्यांच्या मधे मागून शिरणारी, पुढे टोकदार, मागे रुंद अशी पाचर. हौशी लोक हिला फसवणूक समजतात. खऱ्या जहाजबांधणीत ती पूर्ण मान्य पद्धत होती. एकच 12 मिमीची पाचर न करता तीन-चार बारीक करा आणि वेगवेगळ्या ओळींत घाला.

कीलशेजारची फळी, म्हणजे गारबोर्ड, हिचं एक सांगून ठेवतो. नाळेकडे तिला कीलच्या वळणावर वर चढू देऊ नका. जिथे वळण सुरू होतं तिथेच जरा आधी संपवा. ती वर चढली की तिच्यावरच्या सगळ्या फळ्या नाळेपाशी अडकतात, आणि माणूस दोष शेवटच्या फळीला देत बसतो.

पाणी आणि उष्णता

तुम्ही लिहिलंय की पट्ट्या तासभर पाण्यात ठेवून ओल्याच चिकटवता. पिछाडीच्या फटींमागे हेही कारण धरा. ओलं लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. फुगलेली पट्टी शेजारणीला घट्ट बसवली तरी ती वाळताना आक्रसते. प्रत्येक पट्टीमागे दशांश मिलिमीटर जरी धरला तरी सोळा पट्ट्यांचा दीड मिमी होतो. शिवाय ओल्या लाकडात पांढरा गोंद नीट धरत नाही.

लाकूड वाकवते ती उष्णता. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन गरम झालं की नरमतं आणि गार झालं की त्याच आकारात घट्ट होतं. पाणी ती उष्णता आत पोचवतं आणि लाकूड करपू देत नाही. म्हणून पट्टी दहा-पंधरा मिनिटं भिजवा, गरम करा (केस वाळवायचं यंत्र पुरतं), आकारात वाकवून पिनांनी किंवा चिमट्यांनी धरा आणि पूर्ण वाळू द्या. मग कोरडी पट्टी चिकटवा. चांगली वाकलेली पट्टी जहाजावर ठेवली की जबरदस्ती न करता बसते. क्लॅम्प लावून आवळावी लागत असेल तर ती पट्टी अजून तयार नाही.

नाळेकडे पट्टीला दोन दिशांनी वळायचं असतं: जाडीतून आत, आणि रुंदीतून वर किंवा खाली. जाडीतून ती सहज वळते. रुंदीतून वळवायला पट्टी टेबलावर आडवी, थोडी बाकदार करून तीन ठिकाणी क्लॅम्प करायची, वरून एक क्लॅम्प तिला आडवी दाबून ठेवेल असा, आणि मग गरम हवा. हवं त्याहून जरा जास्त वळवा, सुटल्यावर थोडी परत येते. पट्टी एकमेकींवर चढते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या वळणाच्या अभावी.

आता "दुसरा थर येणारच आहे" या आशेबद्दल. दुसऱ्या थराची फळी अर्ध्या मिमीची असते. एवढ्या पातळ पत्र्याखाली खड्डा लपत नाही, तेलाचा हात फिरला की उलट जास्त उठून दिसतो. 1:64 ला अर्धा मिमी म्हणजे खऱ्या जहाजावर 32 मिमी. तेवढी पायरी असलेलं जहाज बंदराबाहेर गेलं नसतं. पुट्टीला माझा विरोध नाही, पहिला थर घासल्यावर जे बारीक डाग राहतात त्यांना ती हवीच. पण पुट्टी रेषा दुरुस्त करत नाही, फक्त रेषा चुकलेली आहे हे काही दिवस झाकून ठेवते.

दुसऱ्या थराला किटमध्ये बहुधा अक्रोड येतो. त्याची छिद्रं मोठी, ती प्रमाणात फार ढोबळ दिसतात. हाताशी असेल तर पेअर, मेपल किंवा बॉक्सवुड घ्या. नसेल तर अक्रोडातल्या सरळ रेषांच्या पट्ट्या वेचून वापरा, काम भागतं. फळीची रुंदी 4 मिमी ठेवलीत तर खऱ्यात 256 मिमी, म्हणजे साधारण दहा इंच. ठीक आहे. पूर्ण लांबीची अखंड फळी मात्र लावू नका. खऱ्या फळ्या वीस-पंचवीस फुटांच्या असत, म्हणजे या प्रमाणात 95 ते 120 मिमी. सांधे नेहमी बल्कहेडवर घ्या, आणि एकाच बल्कहेडवर दोन सांधे आले तर त्यांच्यामध्ये किमान तीन अखंड फळ्या हव्यात. लाकडी खुंट्यांचं वेड मला पटत नाही. खरी खुंटी इंच-दीड इंचाची, म्हणजे 1:64 ला सुमारे अर्धा मिमी, आणि त्याच लाकडाची. दोन पावलांवरून ती दिसतच नाही. गडद ठिपक्यांनी भरलेलं जहाज मेहनत दाखवतं, जहाज दाखवत नाही. हे मत माझं, विरुद्ध मताचे उत्तम कारागीरही आहेत.

दाखवायचं कधी आणि कसं

लाकडी जहाजात प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला झाकतो. सांगाडा पहिल्या थराखाली जातो, पहिला दुसऱ्याखाली, डेकखाली आतलं सगळं, आणि दोर चढले की डेकपर्यंत हातच पोचत नाही. म्हणून सल्ला उपयोगी पडतो तो झाकण्याआधी. पुरं झालेलं जहाज दाखवलंत तर कौतुक मिळेल. ते हवंच असतं, लपवण्यासारखं काही नाही. पण कणा वाकलाय हे तेव्हा कुणी सांगितलं तरी तुम्ही काय करणार? मुद्दाम थांबून दाखवण्याच्या जागा माझ्या मते चारच आहेत: सांगाडा घासून झाल्यावर, पहिल्या थराच्या पहिल्या चार-पाच फळ्यांनंतर, डेक चिकटवण्याआधी आणि डोलकाठ्या कायमच्या बसवण्याआधी. बाकी वेळी हौसेने दाखवा.

अर्धवट काम दाखवायला लाज वाटते म्हणता. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात नौदलासाठी जी मॉडेलं बनत, त्यांतल्या पुष्कळांना खालच्या अंगाला फळ्याच नाहीत, फासळ्या उघड्या ठेवल्यात. बरीचशी 1:48 प्रमाणात. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे. आज आपण ज्यांना सर्वोत्तम मानतो ती मॉडेलं नियमाप्रमाणे बघितली तर अपुरीच.

फोटोंबद्दल. तुमचा फोटो वरून, ट्यूबलाइटखाली, अगदी जवळून काढलेला आहे. त्यात लाकडाचा रंग छान दिसतो आणि आकार अजिबात कळत नाही. दिवा एका बाजूला, जहाजाच्या उंचीला ठेवा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल आणि प्रत्येक उंचवटा सावली टाकेल. फोन दूर न्या आणि झूम करा. जवळून काढलं की नाळ फुगते आणि लोक नसलेल्या दोषावर सल्ले देतात. एक फोटो नाळेच्या समोरून, डोळ्याच्या रेषेत, एक पिछाडीकडून, एक बाजूने, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. एवढ्यावरून जाणकार माणूस बरंच सांगू शकतो. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून स्वतःही बघा. रोज बघून डोळा सरावतो, उलट्या प्रतिमेत डावी-उजवी बाजू वेगळी आहे हे पटकन खटकतं.

सोबत चार ओळी लिहा: प्रमाण, पट्टीचं माप, गोंद, किटच्या सूचनेपेक्षा काय वेगळं केलं. आणि एकच नेमका प्रश्न. "कसं वाटतंय?" विचारलं की "मस्त!" असं उत्तर येतं आणि संवाद संपतो. "नाळेशी चौथी पट्टी उचलली जातेय, निमुळती आधी सुरू करू का?" असं विचारलं की ज्याला त्यातलं कळतं तो थांबतो. तुमच्या मापांनी माझ्याकडून एवढं लांब उत्तर काढून घेतलं, यावरून ओळखा.

मग उत्तरं येतील आणि ती एकमेकांशी भांडतील. ज्याने हेच किट बांधलंय त्याचं सूचनापत्रकाबद्दलचं म्हणणं आधी ऐका. कुठलं बल्कहेड दोन मिमी बुटकं येतं हे त्यालाच ठाऊक असतं. ज्याचं स्वतःचं काम तुम्ही पाहिलंय त्याचं हातकामाबद्दल ऐका. "सगळं काढून टाक" हे उत्तर देणाऱ्याला विचारा, काय मोजून सांगतोयस? मोजमाप असेल तर मानावं.

इतिहासाबद्दल बोलणारे वेगळे. ते तुमच्या रंगावर येतील, तोफांच्या गाड्यांवर येतील, आणि बऱ्याचदा बरोबर असतील. किटच्या खोक्यावरचं चित्र हा पुरावा नव्हे. स्टॉकहोमचं 'वासा' 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, 1961 मध्ये वर काढलं. त्याची पिछाडी निळी होती असा समज बराच काळ होता. रंगाच्या अवशेषांच्या तपासणीनंतर ती लाल असल्याचं ठरलं. जुनी निळी मॉडेलं अजून कपाटांत आहेत. 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेचं तसंच. 1765 मध्ये पाण्यात उतरलेलं हे जहाज वर्षानुवर्षं गडद पिवळ्या पट्ट्यांचं म्हणून सगळ्यांना पाठ होतं. रंगाच्या थरांचा अभ्यास करून 2015 मध्ये ते 1805 च्या फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणाऱ्या छटेत रंगवलं. तेव्हा कुणी आक्षेप घेतला तर भांडू नका, आधार विचारा, तो वहीत लिहून ठेवा आणि मग ठरवा. माहीत असून किटचाच रंग ठेवलात तरी चालेल, जहाज तुमचं आहे.

तुम्हीही इतरांच्या कामावर बोलाल, बोलायलाच हवं. नवख्याला आधी अजून दुरुस्त होण्यासारखं काय आहे ते सांगा. जे आता झाकलं गेलंय त्याबद्दल त्याने विचारल्याशिवाय बोलू नये.

पुढच्या कामाचं, कारण तुम्ही शेवटी दोराबद्दल विचारलंय

ते अजून लांब आहे, पण दोर मागवण्याआधी एक हिशोब माहीत असू द्या. जुन्या तक्त्यांत दोराची मापं दिलेली असतात ती घेराची, जाडीची नव्हे. दहा इंची दोर म्हणजे घेर 254 मिमी, व्यास सुमारे 81 मिमी, 1:64 ला 1.26 मिमी. घेराला व्यास समजलात तर दोर तिप्पट जाड येईल, आणि किटांच्या सूचनांतही ही गल्लत भेटते. श्राउड (डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणारे दोर) वगैरे उभे दोर डांबरलेले असत, म्हणून गडद. शिडं हलवणारे दोर फिकट. रॅटलाइन, म्हणजे श्राउडवर पायऱ्यांसारखे बांधलेले आडवे दोर, यांच्यातलं अंतर खऱ्यात 13 ते 15 इंच, तुमच्या प्रमाणात पाच ते सहा मिमी. मागे रेघा आखलेला कागद धरा, गाठ क्लोव्ह हिचची, आणि गाठी आवळू नका. आवळल्या की श्राउड आत ओढले जातात आणि मध्येच कंबर पडते. पाच-सहा ओळींनंतर समोरून बघत जा. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब गाठीला पुरतो. सुपरग्लूने दोर काचेसारखा ताठ होतो आणि चकाकतो.

घासताना मास्क लावा. अक्रोडाची आणि बऱ्याच कठीण लाकडांची धूळ घशाला आणि त्वचेला त्रास देते, आणि पहिल्या थराच्या घासाईत धूळ भरपूर होते.

पट्ट्या काढून सांगाडा घासलात की पुढचे फोटो टाका, बाजूच्या दिव्यात, आणि प्रत्येक बल्कहेडवरचं उरलेलं अंतर लिहून. पिछाडीला स्टीलर कुठल्या ओळींत घालायचे ते त्या आकड्यांवरून सांगतो. आत्ताच्या फोटोवरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे होईल.